बाहेरच्या संडासाची धास्ती: पायरीपायरीने बाहेर कसं पडायचं

सकाळी घराबाहेर पडायचंय म्हणून चहा अर्धाच घ्यायचा, पाण्याचा तांब्या बाजूला सारायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत संडासाकडे धाव घ्यायची. वर्षानुवर्षं असं जगणारी माणसं आपल्या ओळखीत असतात, फक्त ती बोलत नाहीत. कुणाला शेजारी कोणी उभं राहिलं की लघवी होतच नाही. कुणाचा हात बाहेरच्या संडासाच्या कडीपर्यंत जात नाही. कुणी पुण्याला लेकीकडे जायचं टाळतं, कारण मध्ये एसटी थांबली नाही तर काय, या विचारानेच तिकीट काढायच्या आधी पोटात गोळा येतो.

हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. ही भीती हट्ट नाही, नखरा तर नाहीच, आणि तिच्यावर उपाय आहेत. मात्र टाळून ती जात नाही. पाणी न पिणं, लग्नाला न जाणं, नोकरी नाकारणं यातून त्या दिवसापुरती सुटका मिळते आणि पुढच्या वेळची भीती वाढते. पुढे जे सांगतोय, त्याच्या मुळाशी एवढंच आहे: टाळणं थोडं थोडं कमी करायचं, तेही आपल्याला झेपेल इतक्याच मापाने.

आपली बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं घाणेरडी, अंधारी किंवा बंद असतात, ही तक्रारही खरी आहे. पण भीती घालवायला शहर सुधारायची वाट पाहायची गरज नाही, आणि भीती गेली म्हणून घाण मुकाट सोसायचीही गरज नाही.

आधी आपली भीती नेमकी कोणती, ते बघा

वरून सगळ्यांचं सारखंच दिसतं: माणूस बाहेर जायला कचरतो. आतलं कारण मात्र वेगवेगळं असतं आणि उपायही त्यानुसार बदलतो.

पहिला प्रकार लाजेचा. कोणी ऐकेल, कोणी बाहेर थांबलंय, उशीर झाला तर काय म्हणतील, अशा विचारांनी लघवी अडते. डॉक्टर याला पॅरुरेसिस म्हणतात आणि तो सामाजिक भीतीच्या गटात धरतात. शौचाच्या बाबतीतही असंच होतं. आवाज आणि वास यांची लाज तिथे जास्त छळते. सासरी नव्याने गेलेल्या मुलींचं हे दुखणं फार जुनं आहे. दोन खोल्यांच्या घरात संडासाचं दार स्वयंपाकघराला लागून असेल, तर तीन-तीन दिवस पोट साफ न होणं ओघानेच येतं.

दुसरा प्रकार घाणीच्या, जंतूंच्या भीतीचा. तिसरा, वेळेत संडास सापडणार नाही या भीतीचा. पोटाचा जुना त्रास, मधुमेह, प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची गाठ) वाढणं किंवा बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा कमी झालेल्यांमध्ये हा जास्त दिसतो. चौथा, कडी अडकेल, आत कोंडले जाऊ, हा. आणि काहींच्या भीतीमागे संडासात किंवा त्या वाटेवर झालेला अत्याचार असतो. तसं असेल तर खालचा सराव एकट्याने सुरू करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा समुपदेशकाशी बोला. तिथे काम त्या जखमेवर करायचं असतं.

एका माणसात दोन-तीन प्रकार मिसळलेले असू शकतात. एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा: कुठे टाळलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, भीती दहापैकी किती होती. हीच वही पुढे डॉक्टरांनाही दाखवता येते.

मग शरीर तपासून घ्या

सगळ्याला मनाचं नाव देऊन मोकळं होऊ नका. सारखी लघवीला लागणं, जळजळ, धार बारीक होणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, प्रोस्टेट किंवा मुतखडा असू शकतो. जेवल्याबरोबर पळावं लागत असेल, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असेल, तर आतड्याचा त्रास असू शकतो. तो उपचाराने आटोक्यात आला की निम्मी भीती तिथेच ओसरते. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, सराव नंतर.

पोट तट्ट फुगलंय, दुखतंय आणि घरीसुद्धा लघवी होत नाही, अशी वेळ आली तर थेट तातडीच्या विभागात जा. तिथे कॅथेटर, म्हणजे एक बारीक नळी, घालून मूत्राशय रिकामं करतात. यात लाजण्यासारखं काही नाही. वाट पाहण्यात मात्र धोका आहे.

एक बाब सहसा कोणी सांगत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, आणि नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांनीही अडते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा.

पाणी बंद करणं थांबवा

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो. त्या उन्हात दिवसभर पाणी न पिणं म्हणजे लघवी घट्ट होणं, जळजळ, संसर्ग, मुतखडा आणि बद्धकोष्ठ यांना बोलावणं. घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, त्यामुळे कमी पाणी पिऊनही लागल्यासारखं वाटत राहतं. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं पाणी प्या. एकदम जमत नसेल तर घरून निघण्याआधी एक पेला, दुपारी एक पेला असं वाढवा. चहा-कॉफीने लघवी लवकर लागते. कपात करायचीच असेल तर प्रवासाच्या दिवशी ती चहात करा.

उलट टोकही वाईट. लागलेली नसताना "जाऊन येते एकदा" म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाला जाण्याची सवय लागली की मूत्राशय थोड्याशा लघवीलाही घाई करायला लागतं. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर धरतं. दिवसा तीन-चार तासांनी जाणं ठीक आहे.

शौचासाठी शरीराची वेळ पकडा. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं, म्हणून सकाळच्या नाश्त्यानंतर घाई न करता पाच-दहा मिनिटं बसा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेले मनुके हे सगळं कामाचं. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्या. गुडघे वर आले की कमी कुंथावं लागतं.

आपल्या सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, हेही या भीतीत भर घालतं. पाहुणा आला की त्याला वाटतं, आपण किती पाणी ओतायचं? सून विचार करते, पिंप संपलं तर बोलणी बसतील. कपडे धुतलेलं पाणी एका वेगळ्या बादलीत संडासापाशी ठेवा आणि घरात मोठ्याने सांगून टाका, "हे पाणी संडासासाठीच आहे, हवं तेवढं वापरा." एवढ्याने घरातल्या एखाद्याचं मोठं ओझं उतरतं.

शिडी तयार करा

खरं काम इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळतो आणि मूत्राशय सैल पडतं. त्यामुळे जोर लावून उपयोग नसतो, जोराने खालचे स्नायू आणखी घट्ट होतात. जबडा सैल सोडा, खांदे खाली घ्या, पोट ढिलं ठेवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. हे आधी घरी, काही भीती नसताना शिका.

आता ज्या-ज्या ठिकाणी जायला भीती वाटते ती सगळी लिहून काढा आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्या. उदाहरणार्थ, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण घ्या. घरी त्याला काही अडचण नाही, पण कारखान्याच्या मुतारीत शेजारी कोणी आलं की लघवी थांबते. त्याची शिडी अशी होईल. घरात कोणी नसताना दार नुसतं लोटून लघवी करणं: एक गुण. पुढच्या खोलीत भाऊ टीव्ही बघत असताना: दोन. भाऊ दाराबाहेर उभा राहून बोलत असताना: चार. मित्राच्या घरी: चार. दुपारच्या निवांत वेळी एखाद्या मॉलच्या संडासात कडी लावून: पाच. कारखान्यात संडासात कडी लावून: सहा. रिकाम्या मुतारीत: सात. दुसऱ्या टोकाला कोणी असताना: आठ. जेवणाच्या सुट्टीत: नऊ. आणि जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, मागे रांग लागलेली असताना: दहा.

सुरुवात दोन-तीन गुणांच्या पायरीपासून करा. सरावाला जाताना मूत्राशय भरलेलं हवं, म्हणून तासभर आधी दोन-तीन पेले पाणी प्या. तिथे जा, उभे राहा किंवा बसा आणि तीन-चार मिनिटं थांबा. लघवी झाली नाही तरी ती पायरी वाया गेली नाही. तुम्ही पळाला नाहीत, हाच त्या दिवसाचा सराव. बाहेर या, थोडं फिरा, परत जा. झालीच, तर काही सेकंदांनी थांबवा, बाहेर या, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा जा. एका भरलेल्या मूत्राशयात असे तीन-चार प्रयत्न बसतात. धार अशी मध्येच थांबवणं सरावापुरतंच ठेवा, एरवी पूर्ण मोकळं व्हा.

आठवड्यातून तीन-चार वेळा तरी सराव हवा. महिन्यातून एकदा धाडस करून काही हाती लागत नाही. एखाद्या पायरीची भीती निम्म्यावर आली की पुढची घ्या. ती पूर्ण शून्यावर यायची वाट बघू नका.

सोबत एखादा विश्वासाचा माणूस मिळाला तर काम फार सोपं होतं. भाऊ, बहीण, नवरा, जिवलग मैत्रीण, कोणीही. आधी तो लांब उभा राहील, मग हळूहळू जवळ येईल. किती जवळ यायचं आणि कधी लांब जायचं, ते तुम्ही ठरवायचं. त्याने घाई करायची नाही आणि "झाली का?" असं विचारायचं नाही.

नळ सोडून ठेवणं, कानात गाणी लावणं, ठरावीक कोपऱ्यातलाच संडास गाठणं या कुबड्या सुरुवातीला चालतील. पण शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर त्या एकेक करून सोडा, नाहीतर नळाला पाणी नसलेल्या दिवशी पुन्हा अडाल.

श्वास रोखण्याची एक युक्ती काहींना लागू पडते. छातीतला बराचसा श्वास सोडून द्यायचा आणि पुढचा श्वास न घेता थांबायचं. काही वेळाने खालचा स्नायू आपोआप सैल होतो. हृदयविकार, रक्तदाब, दमा असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि घाबरल्याचे झटके येणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मी तिला शिडीच्या खालोखाल ठेवीन.

भीती घाणीची असेल तर

धडधाकट कातडीतून जंतू सहसा आत शिरत नाहीत. कमोडच्या सीटवर बसल्याने गुप्तरोग होत नाहीत. बायकांना होणारा मूत्रसंसर्ग बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो, आणि लघवी तुंबवून ठेवल्याने त्याला वाव मिळतो. सीटला न टेकता अधांतरी उभं राहून लघवी केली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. टिश्यूने सीट पुसा आणि टेका. खरा धोका हातावरून तोंडात जाणाऱ्या जंतूंचा असतो, आणि त्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणं पुरतं. पिशवीत कागदी साबण, टिश्यू आणि एक छोटी बाटली पाणी ठेवा. डेटॉलची मोठी बाटली, हातमोजे, सीटवर घालायची चादर ही तयारी वाढत गेली की भीतीही वाढते.

संडासातून आल्यावर अंघोळ, कपडे बदलणं, कोपरापर्यंत पुन्हा पुन्हा हात धुणं आणि यात रोजचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जाणं, हे मंत्रचळाच्या आजाराचं, म्हणजे ओसीडीचं लक्षण असू शकतं. पाणी जपून वापरावं लागणाऱ्या घरात यावरून रोज भांडणं होतात, आणि रागावल्याने धुणं आणखी वाढतं. यालाही शिडीच वापरतात, पण तिचं सूत्र वेगळं असतं: कडीला हात लावायचा आणि नंतरचं जादा धुणं लांबवत न्यायचं. हे तज्ज्ञाच्या मदतीनेच करा. "काही नाही गं, स्वच्छ आहेस तू" हे वाक्य दिवसातून पन्नासदा म्हणणारे घरचे प्रेमाने म्हणतात, पण त्याने आजाराला बळ मिळतं. एकदा शांतपणे उत्तर द्या. पुन्हा विचारलं तर, "तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे," एवढं म्हणा.

प्रवास

एसटीत संडास नसतो, रेल्वेत असतो. सुरुवातीला पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने, मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जा आणि डब्याच्या टोकाजवळची जागा घ्या. डबा घाण असेल तर १३९ वर तक्रार करता येते. गाडी सुटल्यावर लगेच, गरज असो नसो, एकदा संडास बघून या. जागा ओळखीची झाली की धास्ती उतरते.

रस्त्याने जाताना मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण हे टप्पे डोक्यात ठेवा. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरायला पैसे लागत नाहीत आणि पेट्रोल भरलंच पाहिजे असंही नाही. एसटीत चढतानाच कंडक्टरला सांगा, "दादा, मला त्रास आहे, वाटेत थांबवायला लागेल." आधी सांगितलेलं असलं की बहुतेकदा थांबवायला सांगायची वेळच येत नाही. पहिला सराव मात्र तुळजापूर किंवा अक्कलकोटसारख्या जवळच्या गावचा ठेवा.

लेकरं

लहान मुलाला खड्ड्यात पडण्याची, फ्लशच्या आवाजाची, पालीची, अंधाराची भीती वाटते. कधी एकदा कडक शौचामुळे दुखलेलं असतं, म्हणून ते धरून ठेवतं. धरल्याने शौच आणखी कडक होतं आणि पुन्हा दुखतं. ओरडू नका, कोंडू तर मुळीच नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून पोट साफ करून घ्या, म्हणजे दुखणं थांबेल. संडासात चांगला दिवा लावा, पायाखाली घट्ट बसणारा पाट द्या, फ्लश मूल बाहेर आल्यावर ओढा. शाळेत जात नसेल तर वर्गशिक्षिकेला एकट्यात भेटून, "तिला तास चालू असताना जाऊ द्या," असं सांगा. शाळेत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं असणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंधनकारक आहे.

मदत कुठे मिळेल

दोन-तीन महिने सराव करून फरक पडत नसेल, किंवा नोकरी, शिक्षण, लग्न यांवर परिणाम होत असेल, तर तज्ज्ञाकडे जा. सोलापुरात सगळे ज्याला सिव्हिलच म्हणतात, त्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून मानसोपचाराचा विभाग विचारा. शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. त्यांना पहिल्या भेटीतच विचारा: "गोळ्यांसोबत सरावाची उपचारपद्धती, सीबीटी, तुमच्याकडे होते का?" माझ्या मते नुसत्या गोळ्यांवर थांबू नये. चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांनी शिडीची पहिली पायरी चढायला बळ येतं, पण चढावं आपल्यालाच लागतं. त्या गोळ्या मनाने बंदही करू नका.

घराबाहेर पडणंच अवघड असेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांपुढे तोंडच उघडत नसेल तर चिठ्ठी लिहून द्या: "मला घराबाहेर लघवी होत नाही. किती वर्षांपासून, ते खाली लिहिलंय. त्यामुळे मी दिवसभर पाणी पीत नाही. मला यावर उपचार हवेत." तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे गल्लीत कळेल या भीतीने थांबू नका. भीती फारच तीव्र असेल तर मूत्ररोगतज्ज्ञ स्वतःच्या हाताने कॅथेटर घालायला शिकवतात. उपचार चालू असताना तेवढाच एक आधार.

नोकरी, भरती, लॅब

लघवीचा नमुना द्यायची वेळ आली की अनेकांची गाळण उडते. लॅबमध्ये सांगा, "मला वेळ लागतो, वेगळा संडास द्या." साध्या तपासणीसाठी लॅबची डबी घरी नेऊन तास-दोन तासांत आणून दिली तरी चालतं का, ते विचारा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत सोबत कर्मचारी असू शकतो, तिथे मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आधीच जवळ ठेवा.

कारखान्यात बायका आणि पुरुषांसाठी वेगळी, स्वच्छ, उजेडाची स्वच्छतागृहं असली पाहिजेत, असं कायदा सांगतो. कडी तुटलीय, दिवा नाही, पाणी नाही, हे सुपरवायझरला लेखी द्या आणि चार जणींच्या सह्यांनी द्या. मग कुणाच्या भीतीचा प्रश्नच मध्ये येत नाही.

गाडं अडलं तर

आजारपण, भांडण, परीक्षा, नवी जागा, काहीही झालं की जमलेली पायरी पुन्हा अवघड होते. सगळ्यांचंच असं होतं. त्या आठवड्यात दोन पायऱ्या खाली उतरा, तिथे तीन-चारदा जमू द्या आणि मग वर या. पाणी मात्र पुन्हा बंद करू नका. वहीत तारीख घाला, गुण लिहा, आणि पुढच्या सरावाची वेळ सोबतच्या माणसाशी बोलून आजच ठरवा.